छाया आणि घटिका : गॅमा-किरण स्फोटांची स्थाननिश्चिती

१. मध्यरेषेवरील वत्सगुल्म

विदर्भातील वाशीम ह्या नगराचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, आणि १९३९ साली वाशीम येथे उपलब्ध झालेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट ह्या वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस हे नाव राजवंशामुळे परिचित असले, तरी प्राचीन ज्योतिषाच्या अभ्यासकांस ते निराळ्या कारणाने ठाऊक आहे. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने आपल्या ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील स्थळांची जी यादी दिली आहे, तीत अवंती म्हणजे उज्जयिनी व स्थानेश्वर ह्यांच्या जोडीने वत्सगुल्माचाही समावेश आहे. वाशीम येथील मध्यमेश्वराच्या देवालयाशी ही परंपरा अद्यापि निगडित असून ती रेषा त्या स्थानावरून जाते अशी स्थानिक श्रद्धा आहे.

आधुनिक नकाशा पाहता वस्तुस्थिती किंचित निराळी दिसते. उज्जैनचा रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला, तर वाशीमचा सुमारे ७७ अंश ८ कला पूर्व आहे. म्हणजे उज्जयिनीची रेषा दक्षिणेकडे वाढविली असता वाशीम तिच्या पूर्वेस सुमारे १४० किलोमीटरांवर राहते. ही तफावत का राहिली असावी हे कळण्यासाठी त्या काळी दोन स्थळांमधील पूर्व-पश्चिम अंतर कसे काढीत ते पाहिले पाहिजे. चंद्रग्रहण ही घटना पृथ्वीवरील सर्व पाहणाऱ्यांस एकाच क्षणी दिसते. परंतु त्या क्षणी प्रत्येक स्थळी स्थानिक घटिका मात्र वेगळ्या झालेल्या असतात. उज्जयिनीस ग्रहण किती घटिकांनी लागावे हे गणिताने काढावयाचे, आपल्या गावी ते किती घटिकांनी लागले हे पाहावयाचे, आणि दोहोंच्या अंतरावरून आपले गाव रेषेच्या पूर्वेस की पश्चिमेस आणि किती दूर हे ठरवावयाचे, अशी ही रीत ‘सूर्यसिद्धांता’त सांगितलेली आहे. ह्या अंतरास ‘देशांतर’ म्हणत. आज मराठीत देशांतर म्हणजे देश सोडून जाणे. परंतु ज्योतिषात तो शब्द स्थळांच्या अंतराचा होता, आणि ते अंतर मोजले जाई काळाने.

पृथ्वी साठ घटिकांत ३६० अंश फिरते, म्हणून एक घटिका म्हणजे सहा अंश व एक पळ म्हणजे अंशाचा दहावा भाग. वाशीम आणि उज्जैन ह्यांमधील १ अंश २२ कलांचे अंतर ह्या हिशेबाने सुमारे साडेतेरा पळांचे, म्हणजे साडेपाच मिनिटांचे होते. भूछायेची कड धूसर असल्याने ग्रहणाचा स्पर्श नेमका कोणत्या क्षणी झाला हे नुसत्या डोळ्यांनी ठरविणे कठीण. शिवाय घटिकापात्राचे पाणी आणि ग्रहणाचे गणित ह्या दोहोंत थोडीथोडी चूक राहणारच. अशा साधनांनी साडेतेरा पळांची तफावत राहणे स्वाभाविक होते. पद्धतीत तत्त्वतः दोष नव्हता. एकाच घटनेचे दोन ठिकाणचे काळ मोजावेत आणि त्यांच्या अंतरावरून स्थान काढावे, हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे.

ह्या तत्त्वाचा आजचा एक उपयोग आकाशातील गॅमा-किरण स्फोटांची दिशा ठरविण्याकडे होतो. हे स्फोट पृथ्वीबाहेरच्या उपकरणांनी टिपावे लागतात, त्यांची दिशा सरळ दिसत नाही, आणि ती अल्पावधीत कळली नाही तर त्या स्फोटाविषयी बरेच काही कायमचे अज्ञात राहते. प्राचीन ज्योतिष्याजवळ दोन साधने होती : छाया पाडणारा शंकु आणि काळ मोजणारे घटिकायंत्र. गॅमा-किरणांची दिशा काढताना आजचा शास्त्रज्ञही मुख्यतः छाया व काळ ह्या दोहोंवरच विसंबतो. हे कसे, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

२. स्फोट म्हणजे काय

गॅमा-किरण हे प्रकाशाचेच रूप होय. परंतु त्यांच्या एकेका कणाची शक्ती दृश्य प्रकाशाच्या कणाहून हजारो-लाखो पटींनी अधिक असते. दृश्य प्रकाशाच्या कणाची शक्ती दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर येथे ज्यांचा विचार करावयाचा त्या किरणांची शक्ती काही दशसहस्र इलेक्ट्रॉन-व्होल्टांपासून दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत व त्याहूनही पुढे जाते. असे किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात, आणि म्हणून जमिनीवरून ते थेट दिसू शकत नाहीत. आकाशात कोठेही, कोणत्याही पूर्वसूचनेवाचून, सेकंदाच्या अंशापासून काही मिनिटांपर्यंत ह्या किरणांचा लोट येतो आणि ओसरतो. त्या अल्पकाळात तो आकाशातील इतर सर्व गॅमा-स्रोतांहून तेजस्वी असू शकतो. ह्यासच गॅमा-किरण स्फोट म्हणतात.

ह्या नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘स्फोट’ म्हटले की काहीतरी फुटल्याचा बोध होतो, म्हणजे नावातच कारण सांगितल्यासारखे होते. परंतु हे नाव रूढ झाले तेव्हा काय फुटते, किंबहुना काही फुटते की नाही, हे कोणासच ठाऊक नव्हते. दिसत होते ते एवढेच की किरणांची संख्या एकाएकी वाढते. व्याकरणशास्त्रात ध्वनींच्या द्वारा अर्थ एकाएकी प्रकट करणाऱ्या तत्त्वास स्फोट म्हणतात. एकाएकी प्रकट होणे हा त्या शब्दाचा जुना अर्थच येथे अधिक शोभतो. नाव अनुभवाचे आहे, कारणाचे नव्हे, हे ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

ह्या स्फोटांचा शोधही ते शोधण्याच्या हेतूने लागला नाही. १९६३ साली वातावरणात, अवकाशात व पाण्याखाली अण्वस्त्रांच्या चाचण्या करण्यास बंदी घालणारा करार झाला. त्याचे पालन होते की नाही हे पाहण्यासाठी अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह सोडले. अण्वस्त्राच्या स्फोटातून गॅमा-किरण निघतात, म्हणून हे उपग्रह त्या किरणांवर लक्ष ठेवून होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी एक लोट टिपला. त्याचे स्वरूप अण्वस्त्रासारखे नव्हते. पुढे अधिक चांगली घड्याळे असलेले व्हेला उपग्रह कक्षेत गेल्यावर एकच लोट निरनिराळ्या उपग्रहांस किंचित निरनिराळ्या क्षणी पोहोचतो असे दिसले. त्या कालांतरांवरून लॉस अलामोस येथील क्लेबेसाडेल, स्ट्राँग व ओल्सन ह्यांनी असा निष्कर्ष काढला की हे किरण पृथ्वीकडून येत नाहीत व सूर्याकडूनही येत नाहीत. १९७३ साली त्यांनी असे सोळा स्फोट प्रसिद्ध केले. म्हणजे ह्या विषयातील अगदी पहिला निष्कर्षसुद्धा कालांतरावरून काढलेला होता.

३. गणना आणि लक्षण

दिशा काढण्यापूर्वी स्फोट झाला हे ओळखावे लागते, आणि तेही वाटते तितके सोपे नाही. गॅमा-किरणांचे उपकरण चित्र काढीत नाही. ते कण मोजते. विशिष्ट स्फटिकावर कण आदळला की विद्युत्भार मोकळा होतो, त्याच्या प्रमाणावरून कणाची शक्ती कळते आणि आदळण्याचा क्षण नोंदला जातो. परंतु स्फोट नसतानाही हे कण येतच असतात. आकाशात सर्वत्र पसरलेली मंद दीप्ती, विश्वकिरणांचे आघात व खुद्द उपग्रहाच्या धातूतून निघणारे किरण ह्यांमुळे गणना कधीही शून्य नसते.

समजा, एखादे उपकरण सेकंदास सरासरी शंभर कण मोजते. यदृच्छेने होणारा चढउतार ह्या संख्येच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे दहाचा असतो. तेव्हा एखाद्या सेकंदास ११० कण आले तर त्यात विशेष काही नाही. १२० आले तरी दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत असे पुष्कळदा घडेल. परंतु १५० आले तर मात्र थांबून पाहिले पाहिजे. त्यातही ही वाढ एकाच शोधकात आहे की सर्व शोधकांत एकाच वेळी आहे, हे पाहावे लागते. एकट्या शोधकातील वाढ बहुधा त्याच्या स्वतःच्या दोषाने होते. भाषेत एखादे रूप एका लेखकाच्या एका हस्तलिखितात आढळले तर तो लेखनदोष मानतात, आणि स्वतंत्र हस्तलिखितांत आढळले तरच त्यास प्रमाण मानतात. त्यातलाच हा न्याय आहे.

भारताच्या ॲस्ट्रोसॅट ह्या उपग्रहावरील एका उपकरणाचे उदाहरण येथे घेणे सोयीचे होईल, कारण त्याच्या उभारणीत व उपयोगात महाराष्ट्रातील संस्थांचा मोठा वाटा आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ॲस्ट्रोसॅट प्रक्षेपित झाला व सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत स्थिर झाला. ही कक्षा विषुववृत्ताशी केवळ सहा अंशांचा कोन करते. त्यामुळे दक्षिण अटलांटिकावरील, विद्युत्भारित कणांनी दाटलेल्या प्रदेशाचा त्यास फारसा उपद्रव होत नाही. कॅडमियम, जस्त व टेल्युरियम ह्यांच्या संयुगाचे स्फटिक वापरणारे एक उपकरण त्यावर आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याचे आयुका हे खगोलविज्ञान केंद्र, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा व अवकाश संशोधन संघटनेची केंद्रे ह्यांच्या सहकार्याने ते सिद्ध झाले. त्याचे चार स्वतंत्र भाग आहेत. प्रत्येक भागात सोळा पट्ट व प्रत्येक पट्टावर २५६ चौकटी, असे मिळून १६,३८४ चौकटींचे हे क्षेत्र सुमारे ९७६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाहूनही लहान आहे. प्रत्येक कणाचा आगमनक्षण २० मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदला जातो.

हे उपकरण स्वतःहून ‘स्फोट झाला’ असे सांगत नाही. ते सर्व नोंदी जमिनीकडे पाठविते आणि त्यांतून स्फोट निवडण्याचे काम पुढे गणिताने होते. चारही भागांत एकाच वेळी गणना वाढली आहे काय, ही त्यातील मुख्य कसोटी. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, म्हणजे उपकरण कार्यान्वित झाले त्याच दिवशी, त्याने पहिला स्फोट टिपला. तो उपकरणाच्या दृष्टिरेषेपासून सुमारे ६० अंश बाजूस होता. २०२२ सालापर्यंत अशा स्फोटांची संख्या पाचशेवर गेली. पाच वर्षांच्या आयुष्याची अपेक्षा धरून सोडलेल्या ह्या उपग्रहास २०२५ साली दहा वर्षे पूर्ण झाली.

४. छायेवरून दिशा

दृश्य प्रकाश भिंगाने वा आरशाने एकत्र आणता येतो, म्हणून दुर्बिणीत ताऱ्याची जागा थेट दिसते. गॅमा-किरण आरशातून परावृत्त न होता आरपार जातात वा त्यातच शोषले जातात. तेव्हा किरणास वळविणे शक्य नसेल तर त्यास अडवावे, आणि अडविल्याने जी छाया पडेल तीवरून दिशा काढावी, हाच मार्ग उरतो. शंकूच्या छायेवरून सूर्याची दिशा काढण्याच्या रीतीहून हे तत्त्वतः वेगळे नाही.

जुन्या वाड्यातील जाळीदार खिडकीतून ऊन आत आले म्हणजे जमिनीवर जाळीची नक्षी उमटते. सूर्य सरकला की नक्षी सरकते. जमिनीवरची नक्षी व खिडकीची जाळी ह्यांची तुलना करून, सूर्याकडे न पाहता, सूर्य कोठे आहे हे सांगता येते. जाळी जर सर्वत्र सारखी असेल तर नक्षी एक घर सरकली की दोन घरे हे कळणार नाही. म्हणून छिद्रांची मांडणी मुद्दाम अशी करतात की ती कितीही सरकली तरी स्वतःशी पुन्हा जुळू नये. ॲस्ट्रोसॅटच्या ह्या उपकरणावर अर्धा मिलिमीटर जाडीच्या टँटलम धातूचा असा छिद्रमय पडदा आहे. २००४ साली प्रक्षेपित झालेल्या अमेरिकेच्या स्विफ्ट उपग्रहावरील पडदा शिशाच्या सुमारे ५२,००० तुकड्यांचा असून त्यावरून स्फोटाची दिशा काही कलांपर्यंत अचूक, आणि तीही काही सेकंदांतच, काढता येते. त्यानंतर तो उपग्रह स्वतःच त्या दिशेस वळतो व एक-दोन मिनिटांत आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे रोखतो.

ह्या त्वरेचे महत्त्व १९९७ साली सिद्ध झाले होते. तोपर्यंत तीस वर्षे हे स्फोट आपल्या आकाशगंगेतील की तिच्या फार पलीकडचे, हा वाद मिटला नव्हता. १९९१ ते २००० ह्या काळात कॉम्प्टन वेधशाळेवरील बॅट्से ह्या उपकरणाने २,७०४ स्फोट टिपले आणि ते आकाशात सर्व दिशांस सारखेच विखुरलेले आहेत हे दाखविले. परंतु त्याची दिशानिश्चिती कित्येक अंशांनी चुकण्याजोगी होती आणि तेवढ्या आकाशात दुर्बिणीने नेमके काय पाहावे हे ठरत नव्हते. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली व नेदर्लंड्स ह्यांच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने एका स्फोटाची दिशा काही कलांपर्यंत काढली आणि काही तासांत तिकडे वळून स्फोटामागे उरलेली क्ष-किरणांची विझती दीप्ती पाहिली. त्या जागी जमिनीवरील दुर्बिणींस दृश्य प्रकाशही दिसला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील स्फोटाच्या अशा दीप्तीच्या वर्णपटावरून तो अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे ठरले. तीस वर्षांचा वाद दिशा अचूक व वेळेवर कळताच काही आठवड्यांत निकाली निघाला. दोन सेकंदांहून अधिक काळ टिकणारे बहुतेक स्फोट प्रचंड ताऱ्यांच्या अंतकाळी होतात, हेही पुढे अशाच रीतीने कळून आले.

पडद्याच्या छायेस मात्र एक मर्यादा आहे. ॲस्ट्रोसॅटच्या उपकरणातून पडद्यामागचे जे क्षेत्र नीट दिसते ते प्रत्येक बाजूस पाच अंशांहूनही लहान आहे. स्फोट तर आकाशात कोठेही होतात. परंतु शंभर किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या वर पडदा व बाजूच्या भिंती किरणांस पुरतेपणी अडवू शकत नाहीत. ही उणीव इष्टापत्ती ठरली, कारण त्यामुळे बाजूने, इतकेच काय मागूनही येणारे स्फोट ह्या उपकरणास जाणवतात. अशा वेळी दिशा कशी काढावयाची? येथे उपग्रहाचे धडच शंकु होते. त्यावरील इतर दुर्बिणी, धातूचे पत्रे, इंधनाची टाकी ह्यांपैकी प्रत्येक वस्तू किरणांस थोडेफार अडविते वा विखुरते, आणि १६,३८४ चौकटींवर कमी-अधिक गणनेची एक विशिष्ट नक्षी उमटते. संपूर्ण उपग्रहाची गणिती प्रतिकृती करून, निरनिराळ्या दिशांनी किरण आले तर कोणती नक्षी उमटेल हे आधी काढून ठेवतात, आणि प्रत्यक्ष नक्षीशी ते ताडून पाहतात. पडद्याइतकी अचूकता ह्यात येत नाही. तथापि आकाशाचा मोठा भाग वगळता येतो.

५. काळावरून दिशा

दुसरे साधन घटिकेचे. प्रकाश सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर जातो. दोन उपग्रह परस्परांपासून ३ लक्ष किलोमीटर अंतरावर आहेत असे धरू. स्फोट त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या सरळ दिशेत झाला असेल, तर दुसऱ्या उपग्रहास तो एक सेकंद उशिरा दिसेल. रेषेशी काटकोन करणाऱ्या दिशेत झाला असेल, तर दोघांस एकाच क्षणी दिसेल. आणि अर्धा सेकंद उशीर झाला, तर ती दिशा रेषेशी ६० अंशांचा कोन करते असे निघते. परंतु एका रेषेशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या दिशा अनेक आहेत. त्या सर्व मिळून आकाशात एक वर्तुळ होते. म्हणजे दोन उपग्रहांवरून एक बिंदू न मिळता एक कडे मिळते. तिसरा उपग्रह असेल तर दुसरे कडे मिळते व दोन कडी दोन बिंदूंत छेदतात. त्यांपैकी खरा कोणता हे चौथा उपग्रह, अथवा एखाद्या उपकरणाची छाया सांगते.

कडे किती रुंद राहील हे घड्याळावर व अंतरावर अवलंबून असते. वरील उदाहरणात कालमापनात सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक राहिली, तर कड्याच्या जागेत सुमारे दोन-तृतीयांश अंशाची चूक येईल. परंतु तेच उपग्रह पृथ्वीलगतच्या कक्षेत, समोरासमोरच्या बाजूंस, १३ ते १४ हजार किलोमीटर अंतरावर असतील, तर प्रकाशास ते अंतर कापण्यास सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. आणि तीच शंभराव्या भागाची चूक दहा अंशांच्याही वर जाईल. म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून दूरदूरच्या अंतराळयानांची मदत घेऊन एक आंतरग्रहीय जाळे उभे राहिले. सूर्याभोवती फार मोठ्या कक्षेत फिरणारे युलिसिस (१९९० ते २००९), पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटरांवरील विंड, मंगळाभोवतीचे ओडिसी अशी याने त्यात निरनिराळ्या काळी सामील झाली. ह्यांपैकी काही यानांचे मुख्य कार्य सूर्याचे वा ग्रहांचे निरीक्षण हे होते. गॅमा-किरणांचा लहानसा शोधक त्यांनी जोडीस नेला होता.

मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मांडला गेलेला ‘दक्ष’ नावाचा प्रस्तावही ह्या संदर्भात उल्लेखनीय आहे. त्यात पृथ्वीच्या परस्परविरुद्ध बाजूंस राहणारे दोन सारखे उपग्रह कल्पिलेले आहेत. एका उपग्रहाचे जवळजवळ एक-तृतीयांश आकाश पृथ्वीमुळे झाकले जाते. दोन उपग्रह समोरासमोर असले म्हणजे एकास न दिसणारा भाग दुसऱ्यास दिसतो आणि सर्व आकाशावर नजर राहते.

६. स्थानाचा भास व काळाचा निर्णय

स्थान जुळले म्हणजे संबंध सिद्ध झाला असे मानण्याचा मोह किती बाधक ठरू शकतो, ह्याचे उदाहरण जानेवारी २०१७ मध्ये घडले. ४ जानेवारी रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन केंद्रांस एक गुरुत्वीय तरंग जाणवला. सुमारे तीन अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेली दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याचा तो परिणाम होता. तरंग कोणत्या दिशेने आला हे केवळ दोन केंद्रांतील कालांतरावरून कळत असल्याने त्याची संभाव्य जागा आकाशात लांबच लांब पट्ट्यासारखी, हजाराहून अधिक वर्ग अंशांची होती. दुसऱ्या दिवशी हवाई बेटांवरील ॲटलास दुर्बिणीस त्या पट्ट्यात एक वेगाने मंदावणारा प्रकाशबिंदू दिसला.

कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून प्रकाश बाहेर पडेल अशी सर्वसाधारण अपेक्षा नाही. तेव्हा हा बिंदू खरोखर त्या तरंगाचा जोडीदार असता, तर प्रचलित सिद्धांतांस धक्का बसला असता. ॲस्ट्रोसॅटच्या उपकरणास त्या क्षणी संभाव्य पट्ट्यापैकी सुमारे निम्मा भाग दिसत होता. तरंगाच्या वेळी त्यात काहीही आढळले नाही. परंतु सुमारे वीस तासांनंतरच्या, म्हणजे ५ जानेवारीच्या नोंदींत एक गॅमा-किरण स्फोट मात्र सापडला. चीनच्या तिआनगाँग-२ ह्या प्रयोगशाळेवरील पोलार उपकरणानेही तो टिपला होता. प्रकाशबिंदू ज्या गतीने मंदावत होता तीवरून मागे गणित करीत गेले असता त्याचा आरंभही तरंगापाशी न येता ह्या स्फोटाच्या वेळेपाशी येतो, असे दिसले. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील वरुण भालेराव व त्यांचे सहकारी ह्यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की तो बिंदू ह्या स्वतंत्र स्फोटाची मागे उरलेली दीप्ती होय, आणि तरंगाच्या पट्ट्यात तो असणे हा योगायोग होता.

हजार वर्ग अंशांच्या पट्ट्यात काहीतरी नवे आढळणारच, हे एकदा ध्यानात आले की ह्या प्रसंगाचा अर्थ स्पष्ट होतो. जागा जितकी ढोबळ, तितका योगायोग स्वस्त. तो खरा की भास हे ठरविण्यास काळाची दुसरी, स्वतंत्र कसोटी लागते. शब्दांच्या व्युत्पत्तीतही हेच घडते : दोन भाषांतील दोन शब्दांचे केवळ रूप जुळले म्हणून ते एका मूळचे ठरत नाहीत, कोणत्या काळी कोणते रूप प्रचारात होते ते पाहिल्यावाचून निर्णय देता येत नाही.

७. न दिसण्याचा अर्थ आणि औंढ्याचे नवे केंद्र

त्याच वर्षी १७ ऑगस्ट रोजी ह्याच्या नेमकी उलट घटना घडली. लायगोस जाणवलेला तरंग ह्या वेळी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचा होता, आणि त्यानंतर अवघ्या १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने एक छोटा गॅमा-किरण स्फोट टिपला. येथे काळ जुळला. आता जागा हवी होती. इटलीतील व्हर्गो ह्या तिसऱ्या केंद्रात तरंग फार क्षीण उमटला. त्यावरून असे अनुमान निघाले की उगम व्हर्गोस जवळजवळ न दिसणाऱ्या दिशेत असला पाहिजे. आणि संभाव्य जागा सुमारे तीस वर्ग अंशांइतकी लहान झाली. ॲस्ट्रोसॅटला तो स्फोट दिसलाच नाही, कारण त्या क्षणी उगम व उपग्रह ह्यांच्या मध्ये पृथ्वी होती. ह्या न दिसण्यासही अर्थ होता : स्फोट पृथ्वीने झाकलेल्या भागात असावा, ह्या अनुमानास त्याने पुष्टीच दिली. सुमारे अकरा तासांत चिलीतील दुर्बिणीस वासुकी तारकासमूहातील, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू आढळला. अल्पकालीन स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून होऊ शकतात हे त्यामुळे प्रत्यक्ष पुराव्याने सिद्ध झाले, आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा घटनांत निर्माण होतात ह्या मतासही बळकटी आली. जागा वेळेवर ठरली नसती, तर काही दिवसांत विझून जाणारा तो बिंदू कोणाच्या दृष्टीस पडला नसता.

लायगोची दोन अमेरिकी केंद्रे परस्परांपासून सुमारे ३,००० किलोमीटरांवर आहेत. तरंगास ते अंतर कापण्यास फार तर सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. केंद्रे जितकी दूर, तितके कडे अरुंद, हे वर पाहिलेच. ह्याच कारणासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस एक केंद्र असावे असा विचार झाला, आणि २०२३ साली केंद्र सरकारने ज्यास अंतिम मान्यता दिली त्या लायगो-इंडिया प्रकल्पासाठी हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसराची निवड झालेली आहे. हे केंद्र कार्यान्वित झाले म्हणजे अमेरिकेतील केंद्रांपासूनचे कालांतर सेकंदाच्या तीन ते चार शतांशांपर्यंत वाढेल, आणि तरंगांच्या जागा पुष्कळ अधिक नेमक्या कळू लागतील. मग गॅमा-किरणांच्या उपग्रहांनी टिपलेला स्फोट आणि तरंग ह्यांची सांगड घालताना योगायोगास वाव कमी राहील.

हिंगोली हा वाशीमचा शेजारी जिल्हा. औंढा नागनाथ वाशीमच्या दक्षिणेस सरळ रेषेत सुमारे साठ किलोमीटरांवर येते, आणि दोहोंच्या रेखांशांत जेमतेम अंशाच्या दहाव्या भागाचा, म्हणजे जुन्या हिशेबाने एका पळाचा फरक आहे. भास्कराच्या यादीतील मध्यरेषा उज्जयिनीहून खाली आणताना वत्सगुल्मापाशी साडेतेरा पळांनी चुकली होती. आता वत्सगुल्माच्याच रेषेवर, औंढ्याच्या माळावर, जे केंद्र उभे राहावयाचे आहे त्यास एकाच घटनेचे दोन ठिकाणचे काळ ताडून पाहण्याचे तेच काम करावयाचे आहे, आणि तेथील घड्याळास सेकंदाच्या हजाराव्या भागाचीही चूक चालणार नाही.